फाइल ऑफिसात, मी कब्बन पार्कात

बेळगावच्या माणसाला बेंगळूरला जायला तीनच कारणं असतात. पोराची नोकरी, मोठा दवाखाना, नाहीतर कुठल्यातरी खात्यात अडकलेली फाइल. आमचं तिसरं. आमच्या ह्यांची पेन्शनच्या फरकाची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला नवस बोलायची पाळी आलीय. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार आमच्या सुवर्णसौधात येऊन बसतं, तेव्हा गावातल्या हॉटेलात खोली मिळत नाही, पण फाइल काही सरकाराबरोबर येत नाही. ती बेंगळूरलाच. मग आपणच जायचं.

हे चिठ्ठी काढून आत गेले की मी मोकळी. दोघांना आत सोडत नाहीत. आधी मी बाहेरच्या कट्ट्यावर पर्स आवळून दिवसभर बसायची. नणंद बेंगळूरलाच असते, ती म्हणाली, "वहिनी, समोर एवढं कब्बन पार्क पडलंय, तिथं जाऊन बसा की!" तेव्हापासून ह्यांचं ऑफिस आणि माझं पार्क. फुलांपुढं उभं राहून फोटो काढायला पार्कात जाणाऱ्यांसाठी हे लिहीत नाहीये. ज्यांना तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ काढायचाय, त्यातून बाईमाणूस, एकटं, वयाची साठी आलेली, त्यांच्यासाठी लिहितेय.

जायचं कसं ते आधी. ऑफिसच्या कामाला रात्रीची गाडीच बरी. वंदे भारत चांगली असेल, पण ती दुपारी पोचवते, तोवर अर्धा दिवस गेला. सकाळी उतरायचं ते क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्टेशनवर. इंग्रजांशी लढलेला हा रायण्णा आपल्या जिल्ह्यातला, आणि त्याला फाशी दिलं तेही आपल्या नंदगडला, १८३१ साली. स्टेशनला लागूनच मेट्रो आहे. जांभळ्या लाइनीची गाडी धरायची आणि विधानसौधाला किंवा पुढच्या कब्बन पार्क स्टेशनला उतरायचं. रिक्षाच्या भानगडीत पडू नका. सकाळी सकाळी हातात पिशव्या बघून एकानं मला जो आकडा सांगितला, तेवढ्यात आमच्याकडं शहापूरहून हिंडलग्याला जाऊन परत येता येतं.

विधानसौधाकडून आलात तर समोर लाल रंगाची लांबलचक इमारत दिसते, ते हायकोर्ट. १८६८ साली इंग्रजांनी अठरा खात्यांच्या कचेऱ्यांसाठी बांधलेलं. त्याच्या पाठीमागून पार्क सुरू होतं. हेही काम त्याच काळातलं. सँकी नावाच्या चीफ इंजिनियरनं १८७० मध्ये शंभर एकरांवर हे पार्क आखलं, ते वाढत वाढत तीनशे एकरांच्या आसपास गेलं. आत शिरायला तिकीट नाही. कागदोपत्री १९२७ पासून त्याचं नाव श्री चामराजेंद्र पार्क आहे. रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघा एकदा.

सकाळी सात-साडेसातला पार्क चालणाऱ्यांचं असतं. टी-शर्ट घातलेल्या आज्या, कानात वायरी घातलेली पोरं, एका कोपऱ्यात खो खो हसणारं टोळकं. आणि कुत्री! लोक कुत्र्यांना अंगडी घालून फिरायला आणतात. त्यातल्या एकाचा स्वेटर माझ्या स्वेटरपेक्षा चांगला विणलेला होता. मी विणकाम शिकवायची शाळेत, त्यामुळं टाके बघितले जातातच. भिणाऱ्यांनी रविवारी सकाळी जरा सांभाळून जावं, तेव्हा कुत्र्यांची फारच गर्दी.

झाडं मात्र बघत राहावीत अशी. आमच्या बेळगावच्या व्हॅक्सीन डेपोच्या आवारातली झाडं काही कमी नाहीत, सकाळी तिथं फिरणाऱ्या कुणालाही विचारा. पण इथं जातीच किती! बांबूची बेटं आहेत, वड-पिंपळाच्या जातीतले मोठाले वृक्ष आहेत, मोहोगनी आहे, सिल्व्हर ओक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळा टॅबेबुया फुलला की पानं दिसत नाहीत म्हणतात, तो अजून बघायचा आहे. आम्ही गेलो ते दिवाळीनंतर, तेव्हा बूच फुललं होतं. वर बघायची गरजच नाही, वास येतो आणि खाली पांढरा सडा. बुचाचं फूल म्हणजे बोटभर लांब, बारीक नळी आणि टोकाला चार-पाच पाकळ्या. ह्या नळ्या एकमेकींत अडकवून दोऱ्याशिवाय वेणी होते. दोन फुलं आडवी-उभी धरायची, तिसऱ्याची नळी मागून आणून पुढं खोचायची, की पहिली पक्की बसते. मी बाकावर बसून एक करायला घेतली. फिरायला आलेली दोन पोरं थांबून बघायला लागली, मग त्यांची आई. तिला दोऱ्याचं टोक सापडेना. दोरा नाहीच आहे हे पटायला तिला स्वतः एक उसवून बघावी लागली. वेणी तिच्या लेकीच्या केसांत गेली.

बसायला बाकं भरपूर, दगडी आणि लोखंडी. दुपारी दगडी बाक धरा. पावसाळ्यात बांबूकडं बसू नका, डास फोडून काढतात. पाण्याची बाटली घरूनच घ्या. स्वच्छतागृहं आहेत, पण पार्क एवढं मोठं की वेळेवर शोधायला निघालात तर पंचाईत, तेव्हा आल्या आल्या कुठं आहे ते बघून ठेवायचं आणि सुट्टे पैसे जवळ ठेवायचे. एकटीला भीती वाटते का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. दिवसा नाही वाटत. शिट्टी घेतलेले पहारेकरी सारखे फिरत असतात. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली तसा एक आलाच. "अम्मा, इथं खायचं नाही." मी डबा झाकला. राग नाही आला. आमच्या किल्ला तलावाच्या काठावर भेळेचे कागद बघितलेत मी. फक्त मग जेवायला बाहेर पडावं लागतं, ते धरून चाला.

माझ्या शेजारी एक रिटायर माणूस पेपर वाचत होता. मी काहीतरी विचारलं, तर माझं कन्नड ऐकून म्हणाला, हुबळीकडच्या का? बेळगाव म्हटल्यावर बेंगळूरचा माणूस दोन गोष्टी विचारतोच. तुम्ही मराठी का, आणि आमची मिठाई, कुंदा, आणलाय का. कुंदा होता पिशवीत, पण तो ज्या टेबलासाठी नेला होता त्याच टेबलावर जायचा होता, म्हणून गप्प बसले.

आता बाकीचं. पार्काच्या आत आणि कडेनं निदान अर्धा डझन बघण्यासारख्या इमारती आहेत आणि सगळ्या बघायच्या म्हटलं तर पाय जातात. मी दोन-तीनच निवडते.

पहिलं लाल ग्रंथालय. शेषाद्री अय्यर मेमोरियल हॉल, १९१५ सालचा, पुढं गुलाबाची बाग. अय्यर हे म्हैसूरचे दिवाण होते, १८८३ पासून १९०१ पर्यंत. शिवनसमुद्रच्या विजेचं काम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झालं. आता तिथं राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. बाहेरून बघावी आणि नमस्कार करावा अशी वास्तू. पार्कात कुणाला भेटायचं असेल तर ह्या इमारतीपुढं ठरवा, कुठूनही आलं तरी सापडते. आम्ही एकदा अष्टकोनी बँडस्टँडपाशी भेटायचं ठरवलं, हे भलत्याच फाटकातून आत आले आणि फोनवर "अगं, तू नक्की कुठं आहेस?" "अहो, तुम्ही कुठं आहात ते सांगा आधी!" असं चाललं होतं. तीनशे एकर आहे बाबांनो, कंपनी बाग नाही.

दुसरं कस्तुरबा रोडवरचं सरकारी म्युझियम. देशातल्या जुन्या म्युझियमांपैकी एक, आत्ताची इमारत १८७७ ची. दुरुस्तीसाठी काही दालनं कधी कधी बंद असतात, म्हणून आधी चौकशी करून जा. तिथं मला जायचं होतं ते एका कुत्र्यासाठी. आतकूर म्हणून मंड्याकडं गाव आहे, तिथला वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, इथं आणून ठेवलाय, दहाव्या शतकातला, इसवी सन ९४९-५० चा. आपल्या खेड्यांत मारुतीच्या देवळामागं, वेशीपाशी वीरगळ पडलेले असतात, कुणी शेंदूर फासतं, कुणी कपडे धुतं. त्यावर लढणारा माणूस, वर अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंग, हे आपण बघितलेलं. ह्या दगडावर माणूस नाही. कुत्रा आणि रानडुक्कर भिडलेत. कुत्र्याचं नाव काळी.

गोष्ट अशी. राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांची तक्कोलमला मोठी लढाई झाली. त्यात चोळांचा राजादित्य पडला. कृष्णाच्या बाजूनं गंग राजा बूतुग लढला, आणि बूतुगाचा एक सरदार मणलेर असा लढला की बूतुगानं खूश होऊन त्याला विचारलं, काय पाहिजे ते माग. जमीन मागेल, सोनं मागेल, गाव मागेल. त्यानं काळी मागितली. पुढं ती एका मोठ्या डुकरावर सोडली, आणि दोघंही एकमेकांना मारून मेले. तिच्यासाठी हा दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. लढाईचा सगळा वृत्तांतही त्याच दगडावर कोरलाय. म्हणजे एवढ्या मोठ्या लढाईचा पुरावा इतिहासवाल्यांना मिळतो तो कुत्र्याच्या दगडावरून. बाहेर स्वेटर घालून हिंडणाऱ्या त्या सगळ्या गुबगुबीत मंडळींना एकदा आत आणून हा दगड दाखवायला पाहिजे. आमच्या मुधोळची शिकारी कुत्री बघितलेल्या माणसाला काळी कशी असेल त्याचा अंदाज येतो.

हे म्युझियम सोमवारी बंद. पहिल्या वेळी साहेब रजेवर होते, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. हे वैतागले. मी म्हटलं, चालेल, फक्त सोमवार सांगू नका.

तिसरं विश्वेश्वरय्या म्युझियम. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आपल्या बेळगावात १९९८ पासून आहे तेच विश्वेश्वरय्या. इथं तिकीट आहे, पण नातवंडं असतील तर पैसे वसूल. राइट बंधूंच्या विमानाची पुऱ्या आकाराची प्रतिकृती आहे, इंजिनं आहेत, बटणं दाबून बघायचं बरंच काही आहे. शाळेच्या सहली आल्या की मात्र कान किटतात. शिक्षिका होते म्हणून सहन झालं.

राणी व्हिक्टोरियाचा पुतळा १९०६ पासून आहे, एडवर्डचाही आहे. दिसला तर बघा, मुद्दाम जायला नको.

खटकलं काय? रस्ते. पार्काच्या पोटातून गाड्या जातात. एका बाजूला बूच, बांबू, खारी, आणि चार पावलांवर हॉर्न. सकाळी नवानंतर ओलांडताना दोन्हीकडं बघूनच पाऊल टाका. आणि दुसरं म्हणजे बाहेर पडल्यावर जवळपास स्वस्तात पोटभर जेवायचं तर जरा चालावं लागतं, तिथला एक कॉफीचा कप आपल्या खडेबाजारच्या पूर्ण नाष्ट्याच्या भावात असू शकतो. इडली-वडा मिळतो ते साधं दर्शिनी हॉटेल शोधा.

लोक विचारतात, मग लालबाग का नाही? लालबाग बघण्याची जागा आहे. हैदरअलीनं १७६० मध्ये सुरू केलेली, दोनशे चाळीस एकर, काचेचं घर, वर केंपेगौडाचा बुरूज असलेला तो जुना खडक. तिकीट काढायचं, फिरायचं, दमून बाहेर यायचं. ऑगस्ट आणि जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असतं तेव्हा फुलांपेक्षा डोकी जास्त. पाहुणे आले तर मी त्यांना लालबागलाच नेईन. पण काम होईपर्यंत थांबायचंय, कुणी उठवणार नाही, कुणी काय घेणार विचारणार नाही, अशी जागा पाहिजे तर कब्बन पार्कच. आमच्या बेळगावात किल्ल्यात १२०४ चं कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, विवेकानंद राहिले ती जागा आहे, तलावाशेजारी एकशे दहा मीटरचा झेंड्याचा खांब आहे, टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. आहे सगळं, पण विखुरलेलं. एका फाटकातून आत गेलं आणि दिवस तिथंच गेला, असं होत नाही.

मी पाचात साडेचार देते. अर्धा हॉर्नचा कापला.

बरोबर नातवंडं असतील तर रविवार धरा. त्या दिवशी आतले रस्ते गाड्यांना बंद असतात, पोरं रस्त्याच्या मधोमध पळाली तरी जीव खालीवर होत नाही. मेट्रो मात्र रविवारी उशिरा सुरू होते. बाल भवनात छोटी आगगाडी आहे, तिच्यात मोठी माणसंही बसतात. आमचे हे गुडघे हनुवटीला लावून बसले होते, आणि उतरल्यावर म्हणाले, बेळगाव-बेंगळूरपेक्षा ही वेळेवर सुटली.