डग्गा प्लेनरवर, गाणं डायनॅमिकवर
वीस वर्षं तबला वाजवतोय, त्यामुळे हेडफोन कानाला लावला की आधी डग्गाच (जोडीतला डावा, खोल आवाजाचा) ऐकतो. सेनहायझर एचडी ६०० माझ्याकडे जुना आहे, तो डायनॅमिक प्रकारचा. यंदा जोडीला हायफायमॅन सुंदारा घेतला, तो प्लेनर प्रकारचा; दोघांत आवाज काढणारा पडदा हलवायची पद्धत वेगळी.

रात्री पंखा बंद करून एकच विलंबित एकताल दोन्हींवर ऐकला. सुंदारावर डग्ग्याची मींड थेट तळापर्यंत ऐकू येते. मनगट पुडीवर सरकतं, 'घे' खाली उतरतो आणि अगदी खाली गेल्यावरही त्याचा सूर सुटत नाही. प्लेनरचा पातळ पडदा चुंबकांच्या क्षेत्रात जवळजवळ सगळाच एकदम हलतो. डायनॅमिकमध्ये व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) पडद्याला एका कड्यातून ढकलते, आणि ओपन-बॅक (मागून उघडा, आवाज आत-बाहेर जाऊ देणारा) असेल तर हा खोल सूर लवकर पुसट होतो.

पण गळा ऐकायचा असेल तर माझा हात आजही एचडी ६०० कडेच जातो. गायकाने तानेआधी घेतलेला श्वास, तानपुऱ्याची जवारी, सगळं कसं अगदी समोर बसल्यासारखं! मात्र त्याचा विद्युतरोध जास्त, ३०० ओहम आहे, चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर) जोडाच. सुंदारालाही ॲम्पवरच खरा जोर येतो.

दोन्ही ओपन-बॅक, त्यामुळे लोकलमध्ये वापरायचे असतील तर दोन्ही नकोत.