आधी माणूस का आधी पैसा? गावात नवा उमेदवार उभा करायचा तर वर्गणीचे तीन रस्ते

प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच. बचत गट नीट चालवणारी एखादी ताई, नाहीतर रोजगार हमीचं मस्टर तपासून ग्रामसेवकाशी भांडणारा पोरगा. चहाच्या टपरीवर सगळे त्याला म्हणतात "तू उभा राह्य ना बाप्पा, आम्ही आहो ना", आणि फॉर्म भरायची तारीख आली की तो माणूस घरीच बसलेला असतो. काहून बसला विचारलं तर पैसा. आणि थोडं खोदून विचारलं तर कळते की पैशापेक्षाही "आम्ही आहो" म्हणणारे खरंच किती आहेत याचा भरोसा नसतो.

तुमच्या ग्रुपमधे अशा कोणासाठी लोकांकडून पैसा उभा करायचं चाललं असेल तर तीन रस्ते आहेत. माणूस उभा राहिल्यावर सरळ वर्गणी मागायची, हा एक. दुसरा म्हणजे आधीच लोकांकडून अटीचा शब्द घ्यायचा, "तू उभी राहिलीस तर माझे पाचशे, नाही राहिलीस तर काही नाही". आणि तिसरा, उमेदवारानेच जाहीर करायचं की अमुक तारखेपर्यंत इतके जमले तर मी उभा, नाहीतर ज्याचे त्याला परत.

पहिला रस्ता आपल्याला नवा नाही. शेतकरी नेते राजू शेट्टींचं "एक नोट एक व्होट", म्हणजे मतासोबत वर्गणीही मागायची, महाराष्ट्राला माहीत आहे. आपल्याकडे यवतमाळ-वाशिममधे 2019 ला वैशाली येडे लोकसभेला उभ्या होत्या, त्याच ज्यांनी त्या वर्षी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं होतं, आणि त्यांचाही प्रचार लोकवर्गणीवर होता. त्याच निवडणुकीत बिहारच्या बेगुसरायला कन्हैया कुमारने ऑनलाइन 70 लाख जमवले, म्हणजे तेव्हाची लोकसभेची पूर्ण खर्चमर्यादा. दोघंही हरले, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की हे लोक उभं राहायचं आधी ठरवून बसले होते, येडेताईंच्या मागे प्रहार पक्षाचं तिकीट होतं, कन्हैयाच्या मागे सीपीआय होती. वर्गणी नंतर आली. घरी बसलेल्या ताईला ही पद्धत बाहेर काढत नाही कारण पहिली उडी तिला एकटीनेच घ्यावी लागते, आणि वर्गणी नाही जमली तर डोक्यावर कर्ज तिच्याच.

दुसरा रस्ता अमेरिकेत बराच वापरून झाला आहे. 2003 मधे वेस्ली क्लार्क नावाच्या निवृत्त जनरलने राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरावं म्हणून साध्या लोकांनी इंटरनेटवर "उतरलात तर इतके देऊ" असे शब्द गोळा केले, आणि ते सप्टेंबरमधे उतरले. पुढे 2014 ला क्राउडपॅक नावाची साइट निघाली, तिच्यावर उभ्या न राहिलेल्या माणसासाठीही पैसे बोलून ठेवता यायचे आणि कार्डावरून रक्कम कटायची ती तो उभा राहिला तरच.

पण याच साइटवर 2018 ला काय झालं तेही बघा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांना सुप्रीम कोर्टावर नेमायच्या बाजूने मत दिलं तर पुढच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधकाला पैसे द्यायचे, अशी अट लावून लाखो डॉलर जमले. कॉलिन्स म्हणाल्या ही तर लाच देण्याचा प्रकार आहे. त्यांनी मत दिलंच, पैसा विरोधी उमेदवार सारा गिडियन यांच्याकडे गेला, आणि 2020 ला कॉलिन्स तरीही निवडून आल्या. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अट फक्त "उभं राहणे" एवढीच ठेवा. "निवडून आल्यावर आमच्या वस्तीचा रोड आधी केला तर" असलं एकही वाक्य त्यात आलं की तुम्ही उमेदवार उभा करत नाही, विकत घेता.

कायद्याचं इथेच सांगतो, कारण हा भाग लोक सोडून देतात. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 123 म्हणते की उभं राहण्याचा किंवा अर्ज मागे घेण्याचा मोबदला म्हणून काही घेणं हे भ्रष्ट आचरण आहे, पण निवडणुकीचा खरोखरचा खर्च, जो हिशोबात दाखवला आहे, तो यात धरत नाहीत. म्हणजे ताईच्या पोरीच्या फीसाठी पैसे दिले तर ते चूक, पत्रकं, गाडीचं डिझेल, मंडप यासाठी दिले आणि लिहिले तर चालते. हे कलम विधानसभा-लोकसभेचं आहे, ग्रामपंचायत आणि झेडपीचे कायदे वेगळे, तर तहसीलच्या निवडणूक शाखेत आधी विचारून घ्याच. विधानसभेला वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडावं लागते, खर्चाची मर्यादा 2022 पासून 40 लाख आहे, आणि निकालानंतर 30 दिवसात हिशोब द्यावा लागते. गावचा पोरगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याचे पैसे विधानसभेच्या उमेदवाराला चालत नाहीत, तो कितीही जीव टाकत असला तरी.

तिसऱ्या रस्त्याचं उदाहरण लॉरेन्स लेसिग. हार्वर्डचे प्राध्यापक, 2015 ला म्हणाले सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या तिथल्या कामगार दिनापर्यंत 10 लाख डॉलर जमले तर राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरतो. जमले, उतरले, आणि नोव्हेंबरच्या 2 तारखेला बाहेर पडले कारण डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारांच्या वादविवादाचे नियम बदलले आणि त्यांना मंचावर यायलाच मिळेना. पैसा पूर्ण होता, दार बंद होतं. आपल्याकडे ग्रामपंचायत-झेडपीला ते दार म्हणजे आरक्षण सोडत आणि जात वैधता. सीट कोणत्या प्रवर्गाला सुटते ते माहीत नसताना फंड सुरू केला तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि हा तिसरा रस्ता पैसा आत्ताच मागते. पोळ्याच्या टायमाला आपल्याकडे कोणाच्या खिशात काय असते? कापसाचा चुकारा दिवाळीनंतर हाती येते. शब्द मात्र पोळ्यालाही देता येतो, म्हणून मला दुसरी पद्धत आपल्या भागाला जास्त जमणारी वाटते. सप्ताहाच्या भंडाऱ्याला जशी वहीत नावं पडतात, कोणी पायली गहू कोणी दोनशे रुपये, आणि पीक निघालं की आणून देतात, तसंच हे आहे. ताईच्या हातात दीडशे नावांची वही पडली तर तिला रकमेपेक्षा ती नावं जास्त धीर देतील. नवऱ्याला, सासऱ्याला दाखवायलाही काहीतरी असेल. निम्म्या जागा महिलांना राखीव असूनही कारभार नवराच पाहते, हे आपण रोज बघतो, पण जिच्या नावावर लोकांनी स्वतः शंभर-दोनशे बोलले तिला बाजूला सारणं इतकं सोपं जात नाही असं मला मनापासून वाटते.

पण त्याच वहीचा धोकाही मोठा आहे. पॅनल हरलं की ज्यांची नावं वहीत होती त्यांचं घरकुल अडते, विहिरीची फाइल पुढे सरकत नाही. म्हणून वही पारावर मांडू नका, व्हॉट्सअॅपवर फोटो तर अजिबात नको, गावात ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास आहे अशा एकाकडेच ठेवा. कायदेशीर हिशोबात पैसे प्रत्यक्ष येतील तेव्हा नाव येईलच, त्याला पर्याय नाही, आणि हे नाव लिहिणाऱ्याला आधीच सांगा.

दुसरा धोका म्हणजे एकच मोठा आकडा. उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) इथे सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मधे तिथली निवडणूक रद्द केली. तिथेही पैसा गावाच्याच कामाला जाणार असं सांगत होते. फरक एवढाच की लिलावात एक माणूस बोलतो आणि बाकी गावाचं मत संपते. म्हणून एका नावावर पाचशेच्या वर घेऊच नका, ठेकेदार पन्नास हजार बोलायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तर ग्रामपंचायत किंवा झेडपी आणि माणूस नवा, घाबरलेला असेल तर दुसरा रस्ता. ज्याचं ठरलंच आहे त्याच्यासाठी पहिला पुरे, उगाच अटीबिटी नको. तिसरा फक्त विधानसभेला, तोही ज्याला तालुक्याबाहेर ओळख आहे त्यालाच, कारण आकडा गाठला नाही तर उभं राहायच्या आधीच पडला म्हणून बोभाटा होते.

अट लिहिताना "अर्ज भरला तर" असं लिहू नका. अर्ज भरून दुसऱ्या पॅनलशी बोलणी करून मागे घेणारे आपण पाहिले आहेत. "माघारीची तारीख गेली आणि नाव यादीत कायम राहिलं तर आठ दिवसात पैसे खात्यात" असं लिहा. तोपर्यंतचं डिपॉझिट, झेरॉक्स आणि तहसीलच्या चकरांचा खर्च चार-पाच जवळच्यांनी उचलावा, आणि तोही पहिल्या दिवसापासून हिशोबाच्या रजिस्टरमधे चढवावा.