काळ्या दगडाचा खलबत्ता: एक पावसाळा काढल्यानंतर

जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेला साधा खलबत्ता. बाहेरचा व्यास ६ इंच, उंची ४ इंच, बत्त्यासकट वजन सव्वाचार किलोच्या आसपास. काम रोजचं: आलं-लसूण, ठेचा, अधूनमधून मिरी-वेलची. वस्तू उत्तम आहे. घासायला दोन मिनिटं पुरतात. ठाण्याच्या दमट हवेत वैताग होतो तो वाळवण्याचा.

आधी नव्या दगडाचं. टाकीने घडवताना झालेली भुकटी छिद्रांत बसलेली असते आणि ती दाताखाली कचकचते. काथ्याने किंवा ताठ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायचं, दिवसभर वाळवायचं. मग मूठभर कोरडे तांदूळ घालून बत्ता दाबून गोल फिरवायचा, तळापासून काठापर्यंत. पहिलं पीठ करडं येतं. ते टाकून पुन्हा मूठभर, पीठ पांढरं येईस्तोवर. चार-पाच घाणे सहज लागतात. शेवटी चार लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि तेवढंच जाडं मीठ वाटून आतून सगळीकडे फासा, अर्ध्या तासाने धुऊन टाका. सात-आठ घाण्यांनंतरही पीठ करडंच येत असेल तर दगड मऊ आहे, त्यात वाटू नका.

हे दुकानातच ओळखता येतं. तळाला किल्लीने ओरखडा काढून पांढरी भुकटी निघाली तर बहुधा शंखजिरं. ओल्या पांढऱ्या फडक्याला काळं लागलं तर रंग किंवा तेल चोपडलेलं. लिंबाच्या थेंबाने बुडबुडे आले तर संगमरवर किंवा सिमेंट. संगमरवर वेलची-केशराला छान, पण चिंच-कोकमाने त्याची झिलई जाते ती कायमची.

रोजची धुलाई: वाटण काढलं की लगेच पाणी. आलं-लसूण वाळलं की छिद्रांत घट्ट बसतं. साबण नको, त्याचा वास दगडात राहतो आणि पुढच्या चटणीत उतरतो. तेलकट शेंगदाण्याचं कूट झालं असेल तर चमचाभर जाडं मीठ आणि तांदूळ घोटून टाका. लसणाचा वासही त्यानेच बराचसा जातो. हळदीचा डाग घासत बसू नका, दोन-तीन दिवसांच्या उन्हात फिका पडतो. उकळतं पाणी ओतणं किंवा गॅसवर ठेवून सुकवणं टाळा, दगडाला तडा जाऊ शकतो.

जून ते सप्टेंबर मात्र लक्ष द्यावं लागतं. फडक्यावर पालथा घातला की आत ओल कोंडते आणि कुबट वास सुटतो, तळाशी बुरशीही धरते. पुसून आडवा ठेवा, बत्ता बाहेर काढून वेगळा, आणि तासभर पंख्याखाली. बुरशी आलीच तर व्हिनेगर चोळून पंधरा मिनिटांनी धुवा (संगमरवराला हे चालणार नाही) आणि पुन्हा एक घाणा तांदूळ. दगडाला तेल लावायचा सल्ला बरेच देतात. तो लोखंडाचा नियम आहे. दगडात मुरलेलं तेल खवट होतं.

लोखंडी खलबत्ता घरात असेल तर तो फक्त कोरड्या मसाल्याला. आंबट पदार्थ त्यात काळा पडतो आणि धातूची चव येते. धुतल्यावर मंद आचेवर दोन मिनिटं तापवून तेलाचा पुसट हात द्या.

फ्लॅटवाल्यांसाठी एक: खाली चौपदरी टॉवेल हवाच, आवाज खालच्या मजल्यावर जातो. आणि ओट्यावर कुटताना सिंकच्या कडेला नको, तिथे फरशी सर्वांत कमकुवत असते; खाली उभा कडप्पा असेल तिथे ठेवा. रिकाम्या खलात बत्ता आपटला की काठाचे टवके उडतात. खल एक तृतीयांशच भरा, लसणासोबत मीठ आधी घाला म्हणजे पाकळ्या उडत नाहीत. मनगट दुखत असेल तर एवढा जड बत्ता घेऊ नका, ४ इंचीवर भागतं.