पेट्रोलला दाद न देणारा क्लिअर स्प्रे: जुन्या आरएक्स १०० च्या टाकीवर घेतलेली परीक्षा

यामाहा आरएक्स १०० ही मोटरसायकल भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले, म्हणजे आज इंदूरच्या रस्त्यांवर धावणारी सर्वात तरुण आरएक्सदेखील पंचविशी केव्हाच ओलांडून गेली आहे. या गाड्यांच्या टाकीचा रंग बहुधा एकाच ठिकाणी आधी जातो, तो म्हणजे झाकणाभोवती. पेट्रोल भरताना चार थेंब सांडतात, रंग मऊ पडतो, पुसताना फडक्याला लागतो आणि काही महिन्यांत तिथे फिकट कडे दिसू लागते. घरच्या घरी साध्या स्प्रेच्या डब्याने रंगवलेल्या टाकीवर तर हे हमखास होते, कारण तो रंग केवळ द्रावक उडून गेल्याने वाळलेला असतो आणि पेट्रोल लागताच पुन्हा विरघळू लागतो. त्यावर उपाय म्हणून दोन घटकांचा, म्हणजे ‘टू-के’ क्लिअर (रंगावर द्यायचा पारदर्शक थर) स्प्रे आता डब्यात मिळतो. वडिलांची गाडी दुरुस्त करताना तो वापरून पाहिला, त्याचे हे परीक्षण. या डब्यांची रचना सारखीच असल्याने एका कंपनीबद्दल न लिहिता या प्रकाराबद्दलच लिहीत आहे.

डब्याच्या पोटात हार्डनरची, म्हणजे क्लिअर घट्ट करणाऱ्या रसायनाची, वेगळी कुपी असते. टोपणातले लाल बटण काढून ते डब्याच्या बुडाशी असलेल्या खिळ्यावर बसवायचे, डबा उलटा धरून तळहाताने जोरात दाबायचे आणि मग दोन-तीन मिनिटे चांगला हलवायचा. कुपी फुटली की क्लिअर आतल्या आतच घट्ट होऊ लागतो आणि एक-दोन दिवसांत उरलेला माल वाया जातो. साध्या डब्याच्या दुप्पट-तिप्पट किंमत मोजून घेतलेल्या वस्तूची ही अट जाचक वाटते खरी, पण तिचा एक फायदाही होतो: टाकी, दोन्ही साइड पॅनेल आणि हेडलाइटचा डोम असे सगळे तयार असल्याशिवाय बटण दाबण्याची इच्छाच होत नाही.

ही तयारीच खरे तर नऊ आणे काम आहे. टाकी उतरवून, पेट्रोल पूर्ण काढून आणि वाफ जाईपर्यंत उघडी ठेवून मगच हात लावावा. त्याच वेळी पेट्रोलचा कॉक सोडवून त्याची जाळी पाहावी. आमच्या जाळीवर गंजाचा तांबूस गाळ बोटाने खरवडून निघेल इतका साचला होता, आणि चढावर गाडी का दम टाकते, याचे कारण कार्बोरेटरमध्ये नव्हे तर तिथे होते. जुने पोपडे खरवडणे, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरणे, वॉटर पेपरने घासणे, धातूवर इपॉक्सी प्रायमर आणि प्लॅस्टिकच्या पॅनेलवर प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर देणे, यांपैकी काहीही क्लिअर झाकून घेत नाही. उलट त्याची चकाकी खालचा प्रत्येक ओरखडा उघडा पाडते. वॉटर पेपर, थिनर वगैरे किरकोळ सामान इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळाले.

रंग साध्या डब्यातलाच वापरला, त्यावर स्टिकर लावले आणि मग क्लिअर. पहिला हात अगदी फिका, धुरळल्यासारखा द्यावा, कारण एकदम ओला हात दिला तर त्यातला तीव्र द्रावक खालच्या रंगाला सुरकुत्या पाडतो. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन भरदार हात पुरतात. इंदूरला पावसाळ्यात हे काम करूच नये, कारण हवेतल्या दमटपणाने चकाकी मारली जाते. मे महिन्याच्या उन्हात तुषार पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळून टाकी खरबरीत होते. दिवाळीनंतरच्या दुपारी किंवा फेब्रुवारी-मार्च हेच दिवस उत्तम.

निकाल मात्र चोख आहे. आठवडाभर पक्के होऊ दिल्यानंतर पेट्रोलमध्ये भिजवलेले फडके झाकणाभोवती घासले, तेव्हा फडका पांढराच राहिला. साध्या क्लिअरकडून ही अपेक्षा करता येत नाही.

तक्रार आहे ती धोक्याच्या सूचनेबद्दल. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा शरीराला त्याची बाधा झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. आम्ही घेतलेल्या डब्यावर ही गोष्ट मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होती. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज आणि तुषार अडवणारा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे आणि चष्मा यांचा खर्च डब्याच्या किमतीतच धरावा. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर गच्चीवरसुद्धा हा प्रयोग करू नये आणि टाकी सरळ पेंटरकडे द्यावी. मेटॅलिक रंग हवा असेल तरी पेंटरच बरा, कारण कॉम्प्रेसरच्या गनने येणारी एकसारखी झाक डब्याच्या नोझलमधून येत नाही.

रंग बदलण्याचा मोह झाल्यास आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो हे लक्षात ठेवावे; १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी न्यावी लागते, तेव्हा तो जुळला पाहिजे. आम्ही म्हणूनच मूळचा लालच ठेवला.