सक्तीची लष्करी सेवा, अग्निवीर, पोलीस भरती की अप्रेंटिस? घरी बसलेल्या मुलासाठी कोणता रस्ता

परळच्या एका रात्रशाळेत मी गेली अकरा वर्षं गणित शिकवतो. मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याची आई भेटायला आली. मुलगा बारावी होऊन दीड वर्ष झालं. चार महिने डिलिव्हरीचं काम केलं, बाईक पडली, काम सुटलं, तेव्हापासून घरीच. "सर, त्या इस्रायलसारखं आपल्याकडे का करत नाहीत? अठरा पूर्ण झाली की सरळ लष्करात. पोरं वळणावर येतील."

हे मी दर वर्षी ऐकतो आणि मला त्यात चुकीचं काही वाटत नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे बेकार मुलगा दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्याला बसायला जागा नाही आणि बाहेर पडला तर नाक्याशिवाय जायला ठिकाण नाही. लष्कर म्हटलं की त्या माउलीला दिसतं ते असं: पोराला स्वतःची खाट, वेळेवर जेवण, पहाटे उठवणारं कुणीतरी आणि महिन्याला घरी येणारे चार पैसे. ही मागणी रास्तच आहे. ती सक्तीच्या सेवेनं पुरी होते का, एवढंच बघायचं.

मी प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारतो: तिथून बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात काय असेल?

सक्तीची सेवा

भारतात सक्तीची लष्करभरती कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती, तीही स्वेच्छेनं भरती झालेली. सक्तीच्या जवळ जाणारा आपला अनुभव एनसीसीचा, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या छात्रसेनेचा. १९६२च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं, राजपत्रित सरकारी नोकरी हवी असणाऱ्यांना पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

घटनेत आडकाठी नाही. कलम २३(२) प्रमाणे सार्वजनिक कारणासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं. अट अशी की धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. म्हणजे "फक्त बेकारांना लष्करात पाठवा" ही सूचना पहिल्याच पायरीवर अडखळते. सक्ती करायची तर मलबार हिलच्या मुलालाही आणि मानखुर्दच्या मुलालाही.

सगळ्यांना न्यायचं म्हटलं की हिशेब बघा. देशात दर वर्षी एक कोटीहून जास्त मुलगे अठरा वर्षांचे होतात, मुली वेगळ्या. एक कोटींनाच अग्निवीराचा, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या सैनिकाचा, पहिल्या वर्षाचा पगार, महिना तीस हजार, दिला तर वर्षाला ३.६ लाख कोटी रुपये होतात. २०२५-२६ चं संपूर्ण संरक्षण अंदाजपत्रक सुमारे ६.८१ लाख कोटींचं होतं. निम्म्याहून जास्त रक्कम नुसत्या पगारात जाईल. बराकी, जेवण, बूट, बंदुका, शिकवणारे हवालदार, सगळं त्याच्यावर. आपल्या लष्कराचं एकूण बळ बारा लाखांच्या आसपास. ते दर वर्षी एक कोटी मुलं घेणार कुठे आणि शिकवणार कोण?

ज्या देशांचं नाव घेतलं जातं त्यांनी बेकारी हटवायला ही सेवा आणलेली नाही. इस्रायलमध्ये पुरुषांना अडीच वर्षांहून जास्त आणि स्त्रियांना दोन वर्षं. दक्षिण कोरियाच्या भूदलात दीड वर्ष, तेही फक्त पुरुषांना. सिंगापूरमध्ये १९६७ पासून ही सेवा आहे, आता दोन वर्षांची. हे देश लहान आहेत, शेजाऱ्याची भीती मोठी आहे, फौजेला माणूस कमी पडतो. आपल्याकडे उलट आहे: २०२२ मध्ये अग्निवीराच्या पहिल्या भरतीत शेहेचाळीस हजार जागा होत्या आणि बाहेर लाखो मुलं उभी होती. जिथे दारात रांग आहे तिथे सक्ती कुणावर करायची?

आता दुसऱ्या दिवसाचा प्रश्न. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल वाटून घेतलेल्या तिघांनीही सक्तीच्या भरतीचा अभ्यास केला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. जोशुआ अँग्रिस्ट यांनी व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकेत चिठ्ठ्या काढून झालेल्या भरतीचा माग काढला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या गोऱ्या माजी सैनिकांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी निघाली. खिडो इंबेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याला नेदरलँड्समध्ये दहा वर्षांनंतर सुमारे ५ टक्क्यांची घट दिसली. अर्जेंटिनात वेगळ्या संशोधकांनी याच पद्धतीनं पाहिलं, तर सक्तीनं भरती झालेल्यांच्या नावावर पुढे गुन्हे नोंदले जाण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. वळणावर आणायला पाठवलेल्या मुलांबद्दलचा हा निष्कर्ष आहे.

पण त्या आईची बाजूही कागदावर आहे. तिसरे नोबेल मानकरी डेव्हिड कार्ड यांनी आना रूट कार्दोसो यांच्यासोबत पोर्तुगालमधल्या शांततेच्या काळातल्या सक्तीच्या सेवेचा अभ्यास केला. फक्त प्राथमिक शाळा शिकलेल्यांचं वेतन पुढे ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं होतं. जास्त शिकलेल्यांना काहीच फायदा नव्हता. म्हणजे ज्याला शाळेनं काहीच दिलं नाही त्याला बराक काहीतरी देऊ शकते. बारावी झालेल्या मुलाचं मात्र ते एक-दीड वर्ष बहुधा वाया जाईल. आणि माझ्या वर्गात निम्म्या मुली आहेत, त्यांच्या बेकारीला या मागणीत कुणी मोजतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: सक्ती नको. स्वेच्छेनं जायला आज दार उघडं आहे, त्याची नीट माहिती घ्या.

अग्निवीर

२०२५ च्या भरतीत वय साडेसतरा ते एकवीस होतं. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या जवानासाठी, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलात तर पूर्ण ६० गुण, दहा बीम (पुल-अप) काढल्यात तर ४०. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर बोनस गुण मिळतात, तेव्हा कॉलेजात असताना एनसीसी सोडू नका. मुलींना भूदलात फक्त मिलिटरी पोलीसचं दार आहे, नौदलात मात्र अग्निवीर म्हणून जाता येतं.

पैशाचं नीट समजून घ्या, कारण घरोघरी इथेच गैरसमज आहे. पहिल्या वर्षी पगार तीस हजार, पण हातात येतात एकवीस हजार. उरलेले तीस टक्के निधीत जातात आणि सरकार तेवढीच भर घालतं. चौथ्या वर्षी पगार चाळीस, हातात अठ्ठावीस. चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळतो, त्यावर कर नाही. ४८ लाखांचा विमा आहे आणि त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन नाही. चौघांतला जास्तीत जास्त एक कायम होतो.

पालकांना मी सांगतो, हिशेब करताना मुलगा उरलेल्या तिघांत आहे असं धरा. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो घरी येईल, खात्यात अकरा-बारा लाख असतील, अंगात ताकद असेल आणि नोकरी नसेल. मुंबईत एवढ्या रकमेत खोली येत नाही आणि घरातली रक्कम बहिणीच्या लग्नात किंवा कर्जफेडीत कशी विरघळते हे आपल्याला ठाऊक आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आणि वयाची सवलत जाहीर झालेली आहे. दहावीवर गेलेल्याला सेवेत असताना मुक्त शाळेतून बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र आणि इग्नू या मुक्त विद्यापीठातून पदवीची सोय आहे. ती चार वर्षांत पुरी करायचीच, असं मुलाकडून आधी कबूल करून घ्या.

तरीही ज्याला मनापासून वर्दी हवी आहे त्यानं जावं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घराघरातून मुलं जातात, ती कुणी ढकलली म्हणून जात नाहीत.

पोलीस भरती

बारावी पास, खुल्या प्रवर्गाला वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मुलांची उंची १६५ सेंटिमीटर, मुलींची १५५. ग्राउंड ५० गुणांचं: मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार, मग १०० गुणांची लेखी. मुलींना तीस टक्के आरक्षण आहे. मूळ वेतन २१,७०० पासून, भत्ते वेगळे, आणि नोकरी अठ्ठावन्नपर्यंत. दुसऱ्या दिवसाचा प्रश्नच उरत नाही.

अडचण गर्दीची. २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदं होती आणि साडेसतरा लाखांवर अर्ज. एका जागेला शंभर. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका अकॅडमीला निवासी तयारीचे साठ हजार भरले, तीन महिन्यांत अकॅडमीनं जागा बदलली आणि पैसे परत मिळाले नाहीत. आईनं गळ्यातलं मोडलं होतं. धावायला मैदान फुकट आहे आणि लेखीची पुस्तकं वाचनालयात मिळतात. कर्ज काढून भरतीची तयारी करू नका.

अप्रेंटिस

अप्रेंटिस म्हणजे कारखान्यात विद्यावेतन घेत काम शिकणं. याला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून मुलं इकडे बघत नाहीत. माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय या तिन्ही पातळ्यांवर प्रशिक्षणार्थी घेतात. नेव्हल डॉकयार्ड आहे, परळ-माटुंग्याची रेल्वे वर्कशॉप आहेत. विद्यावेतन तुटपुंजं असतं आणि शिकवून झाल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर कायद्यानं नाही. पण रेल्वेत शिकलेल्या अप्रेंटिसना तिथल्या लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. आणि वेल्डर किंवा फिटर झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी निदान एक कला घेऊन बाहेर पडतो, ती सायनलाही चालते आणि सौदीलाही. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना सहा हजार ठरले होते; असं काही तात्पुरता आधार म्हणून ठीक, त्यावर विसंबू नये.

त्या आईला मी एवढंच सांगितलं. मुलाला वर्दीची ओढ असेल तर वयात बसतो तोवर अग्निवीरची परीक्षा द्या. चार वर्षांनी तो बाहेर आला तरी पोलीस भरतीचं वय शिल्लक राहतं आणि सोळाशे मीटरचा सराव दोन्हीकडे तोच. ओढ नसेल तर त्याला ढकलू नका, मुलुंड किंवा कुर्ल्याच्या आयटीआयचा फॉर्म भरा. त्याला समोर बसवून विचारा, आणि तो बोलत असताना तुम्ही मध्ये बोलू नका.

तिनं विचारलं. तो "बघतो" म्हणाला, आणि दोन दिवसांनी स्वतःच माझ्याकडे आला. सध्या पहाटे साडेपाचला मैदानात असतो. सोळाशेला सहा मिनिटं वीस सेकंद लागतात, पन्नास सेकंद कमी करायचे आहेत. आयटीआयचा फॉर्म त्यानं तरीही भरून ठेवला आहे, फिटर ट्रेडचा.