मीटर २६ वर उघडला, तरी कार्ड दाखवून लुबाडले

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ रुपये झाले आणि मीटरमध्ये नवा दर बसवून घेण्यासाठी चालकांना मुदत मिळाली. तोपर्यंत जुन्या मीटरवरचा आकडा भाडेतक्त्याच्या कार्डात पाहून त्यासमोरचे नवे भाडे द्यायचे, अशी सोय होती. तिचाच आधार घेऊन एप्रिलमध्ये माझ्याकडून ४५६ रुपये उकळण्यात आले.

आईला घेऊन लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरलो आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास विक्रोळीच्या कन्नमवार नगरसाठी रिक्षा केली. चालकाने मीटर टाकला तेव्हा त्यावर २६ हा आकडा उमटला. तो मी डोळ्यांनी पाहिला होता, हेच आज सर्वांत जास्त सलते. जुना मीटर २३ वर उघडला असता. २६ वर उघडलेल्या मीटरमध्ये नवा दर आधीच बसवलेला असतो आणि कार्डाचा प्रश्नच उरत नाही. परंतु रिक्षाच्या बाहेर बसवलेल्या यांत्रिक मीटरचा आकडा वाकून पाहायचा आणि चालकाने दिलेल्या कार्डावर बोट फिरवून भाडे काढायचे, यात ज्याची अर्धी हयात गेली, त्याला पुढे आलेले कार्ड संशयास्पद वाटणार तरी कसे? शिवाय ते कार्ड खोटे नव्हतेच, ते लावले गेले नव्या मीटरला.

मीटरवर १३८ रुपये झाले होते. कार्डावरून त्याचे १५५ झाले आणि रात्रीचे २५ टक्के धरून १९४. रात्रीचा दर १२ ते ५ एवढाच असतो आणि तो पाचनंतर बसलेल्या प्रवाशाला लागत नाही, हे मी सांगितले, तर त्याने आवाज चढवला. आई थकली होती, म्हणून वाद न वाढवता मी पाचशेची नोट दिली. तो सुट्या पैशांसाठी वळला आणि शंभरची नोट माझ्यापुढे धरून, तुम्ही हीच दिलीत, असे ठासून सांगू लागला. माझ्या पाकिटात तेव्हा शंभरची एकही नोट नव्हती. पण एका हातात सामान आणि दुसऱ्या हाताने आईला सावरलेले असताना अंधारात पाकीट तपासत कोण बसेल? मी दुसरी पाचशेची नोट दिली, त्याने ती शंभरची आणि ३०६ रुपये परत केले. १३८ च्या जागी ५९४ रुपये गेले. नोट हातातून सोडण्यापूर्वी ती किती रुपयांची आहे हे मोठ्याने बोला.

यानंतरचा अनुभव अधिक संतापजनक आहे. पोलीस चौकीत सांगण्यात आले की रिक्षा जिथे केली ती हद्द त्यांची नाही. तिथे गेलो, तर पैसे जिथे दिले तिथे जा, असे उत्तर मिळाले. परिवहन खात्याच्या खिडकीवर माझ्याकडे भाड्याची पावती मागण्यात आली, जणू रिक्षावाले प्रत्येकाला पावती देतात! वाहन क्रमांक मी बसतानाच मोबाइलमध्ये टिपला होता (तुम्हीही टिपा, उतरल्यावर ते सुचत नाही) आणि तो अर्जात ठळक लिहिला. तरीही, एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास घेता, असे मलाच समजावण्यात आले. रोज पहाटे उतरणाऱ्या किती जणांकडून ही एवढीशी रक्कम घेतली जात असेल, याचा विचार त्या खुर्चीत बसून कोणी करीत नाही. ती रिक्षा बोलावून मीटर एकदा टाकून पाहिला, तर तो २६ वर उघडतो की २३ वर, हे क्षणात कळेल. अर्जात मी एवढेच मागितले आहे आणि त्यावर अद्याप पोचसुद्धा आलेली नाही.