झेरॉक्सवर झाकलेल्या दोन ओळी : घराच्या विम्यात झालेली आमची फसवणूक

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घराचे कौलारू छप्पर वासे-रिपांसकट उडाले, पर्यटकांना देत असलेल्या खोल्यांत गुडघाभर चिखल झाला आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत साठवलेली रोठा सुपारी भिजून काळी पडली. या सर्व मालमत्तेचा विमा उतरवलेला आहे, अशी आमच्या घरातील प्रत्येकाची खात्री होती, कारण हप्ता भरलेला होता आणि कागद कपाटात होता. प्रत्यक्षात त्या विम्यातून आम्हाला एक रुपयाही मिळाला नाही. आमच्याकडून पैसे घेणाऱ्या माणसाने ज्या विम्याचे पैसे घेतले तो विमा उतरवलाच नव्हता. त्याऐवजी त्याने एक स्वस्त, अर्धवट पॉलिसी काढून मधली रक्कम खिशात घातली होती. त्याने हे कसे केले आणि ते कोणत्या कागदावरून उघड झाले, हे किनाऱ्यावरील इतर कुटुंबांना कळावे म्हणून मी येथे सविस्तर लिहीत आहे.

हा गृहस्थ तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज, गाड्यांचे विमे आणि दाखले यांची कामे करीत असे. माझ्या वडिलांना तो तात्या म्हणत असे, सणासुदीला घरी येत असे आणि पंचक्रोशीतील बऱ्याच जणांचे कागद त्याच्याकडूनच होत असत. दिवाळी संपल्यावर तो घरी आला, घर, खोल्या आणि सुपारीची खोली फिरून पाहिली, फोटो काढले आणि म्हणाला, "तात्या, काही काळजी करू नका, सगळं फुल कव्हर करून देतो. वादळ म्हणू नका, पूर म्हणू नका, पाहुण्याच्या डोक्यावर कौल पडलं तरी त्यात आलं." त्याने साडेचौदा हजार रुपये रोख घेतले आणि पावतीपुस्तकातील पावती दिली. पुढे काही आठवड्यांनी त्याने पॉलिसीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणून दिली, तिच्यावर कंपनीचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता आणि पंचवीस लाखांचा आकडा होता.

वादळानंतर फोन बंद, वीज बंद आणि रस्त्यावर आडवी झालेली झाडे अशी स्थिती होती. माझा भाऊ वाट मोकळी होताच माणगावपर्यंत गेला आणि तेथून त्याने कंपनीला नुकसानीची सूचना दिली. त्यानंतर सर्व्हेअर आले. मालमत्तेच्या विम्यात सर्व्हेअर हा परवानाधारक मूल्यमापक असतो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी होतो, पण विम्याची रक्कम सर्व्हेअरच्या अहवालावर ठरते, आणि पंचनाम्याची प्रत त्यांना पुरावा म्हणून उपयोगी पडते. आमच्याकडे आलेले सर्व्हेअर सज्जन होते. त्यांनी आधी पडवीत बसून लॅपटॉपवर कंपनीकडील मूळ पॉलिसी उघडली, आमची झेरॉक्स तिच्याशेजारी धरली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

आमच्या प्रतीवर विमित रकमेच्या, म्हणजे जास्तीत जास्त जेवढी भरपाई मिळू शकते त्या रकमेच्या, चौकटीतील 25 या आकड्याची अक्षरे आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होती. मूळ पॉलिसीत तेथे 12 लाख होते, तेही फक्त इमारतीसाठी. त्याच पानाच्या तळाशी, सहीच्या वर, आमच्या प्रतीत बोटभर पांढरी पट्टी होती आणि तिच्या कडेला चौकटीची रेघ मध्येच तुटलेली दिसत होती. मूळ कागदावर त्या जागी दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत एसटीएफआय धोके वगळल्याची नोंद होती, म्हणजे वादळ, तुफान, पूर आणि पाणी भरणे यांपासूनचे संरक्षण काढून टाकलेले होते. दुसऱ्या ओळीत लिहिले होते की घरातील सामान आणि साठा समाविष्ट नाही. कंपनीच्या नोंदीत भरलेला हप्ता तीन हजारांच्या आसपास होता.

अनेकांना हे ठाऊक नसते की त्या काळी मालमत्तेसाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या अग्निविम्याच्या प्रमाणित पॉलिसीत वादळ आणि पूर हे धोके मुळात समाविष्ट असत, मात्र पॉलिसी सुरू होताना ते वगळण्याचा पर्याय होता आणि वगळले की हप्ता कमी होत असे. समुद्रापासून दूर, उंचावर कारखाना असलेल्याला ही सवलत उपयोगी ठरत असेल. पण कोकणच्या किनाऱ्यावर, जेथे घराला खरी भीती वाऱ्या-पावसाचीच असते, तेथे त्या धोक्यांवाचूनचा विमा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ही सवलत आमच्या नावावर त्या गृहस्थाने मागितली होती. आम्ही कंपनीकडे प्रस्ताव-अर्जाची, म्हणजे विमा मागताना भरून दिलेल्या अर्जाची, प्रत मागितली तेव्हा ते आणखी स्पष्ट झाले. माझे वडील आयुष्यभर देवनागरीत सही करीत आले आहेत, बँकेतही त्यांची सही देवनागरीतच आहे. त्या अर्जावर मात्र वळणदार इंग्रजी सही होती. अर्जात इमारतीचा वापर "राहते घर" एवढाच लिहिलेला होता आणि पर्यटकांना खोल्या दिल्या जातात याचा उल्लेख कोठेही नव्हता.

हा शेवटचा मुद्दा सहज दुर्लक्षिला जाण्यासारखा असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. विमा करार परम सद्भावनेच्या तत्त्वावर उभा असतो. म्हणजे जोखीम ठरविताना कंपनीला महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक वस्तुस्थिती विमा घेणाऱ्याने आपण होऊन सांगावी लागते. होमस्टे चालतो, स्वयंपाक लाकडावर होतो, शेजारी पेंढ्याची गंजी आहे, या गोष्टी सांगितल्या नसतील तर उद्या आग लागली तरी दावा नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. म्हणजे त्या माणसाने आमचे वादळाचे संरक्षण तर काढून टाकलेच, शिवाय जे थोडे उरले होते तेही कमकुवत करून ठेवले. पाहुण्याला इजा झाल्यास द्यावी लागणारी भरपाई हा तर वेगळाच विषय आहे. आपल्या वस्तूचे नुकसान भरून देणारा तो मालमत्ता विमा, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा तो दायित्व विमा. दुसरा पहिल्यात आपोआप येत नाही, त्याची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र हप्ता असतो.

पकडला गेल्यावर तो गृहस्थ पुन्हा घरी आला आणि त्याने आणखी घातक सल्ला दिला. वादळात वायर तुटून मीटरबोर्डाला आग लागली आणि छप्पर त्यामुळे गेले असे दाखवू, अग्निविमा तर आहेच, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांनी त्याला पडवीतूनच परत पाठवले, आणि ते योग्यच होते. विम्यात नुकसानीचे निकट कारण पाहिले जाते, म्हणजे ज्या प्रबळ कारणाने घटनांची साखळी सुरू होऊन नुकसान घडले ते कारण पॉलिसीत आहे की नाही हे तपासले जाते, आणि वासे कोणत्या दिशेला पडले आहेत, जळाल्याच्या खुणा आहेत की नाहीत हे सर्व्हेअरला पाहताक्षणी कळते. दावा खोट्या आधारावर केल्याचे सिद्ध झाले तर पॉलिसीखालील सर्वच लाभ जप्त होतात आणि फसवला गेलेला माणूसच आरोपी ठरतो.

आता तक्रारीचे काय झाले ते सांगतो. कंपनीने लेखी उत्तर दिले की ज्या जोखमीचा हप्ता मिळाला तेवढीच जोखीम त्यांनी स्वीकारली होती, आणि आमच्याकडून पैसे घेणारा माणूस त्यांचा प्रतिनिधी नाही. पॉलिसीवर छापलेला एजंट कोड दुसऱ्याच कोणाचा तरी होता. हा गृहस्थ तो कोड वापरून कामे करीत होता. नोंदणीकृत एजंटाच्या कृतींसाठी विमा कायद्याच्या कलम 42 नुसार कंपनी जबाबदार असते, हा मुद्दा आम्ही विमाधारकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे मांडला. तेथे वकील लागत नाही, शुल्क नसते आणि सुनावणी आदराने झाली. परंतु सही खोटी आहे की नाही हे साक्षीपुराव्याने ठरवावे लागेल आणि ते काम पोलीस व न्यायालयाचे आहे, असे सांगण्यात आले. पुढे फसवणुकीची फिर्याद नोंदवली. तपास सुरू झाल्यावर त्या गृहस्थाने घेतलेला हप्ता परत केला. छप्पर मात्र आम्ही सोसायटीच्या कर्जातून उभे केले, आणि खटला अजून चालू आहे.

या सगळ्या काळात जे समजून घ्यावे लागले, त्यातील काही गोष्टी येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबी प्रमाणे हप्ता कंपनीकडे आगाऊ पोहोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, आणि एजंटाने गोळा केलेला हप्ता सुट्ट्या वगळून चोवीस तासांत कंपनीकडे भरला पाहिजे. म्हणून रोख रक्कम माणसाच्या हाती देण्याऐवजी कंपनीच्या नावाने धनादेश द्यावा किंवा कंपनीच्या खात्यावर थेट भरणा करावा. तसे केले असते तर येथे कंपनीच्या पावतीवरचा आकडा आणि मागितलेला आकडा यांतील फरक त्याच दिवशी दिसला असता. पॉलिसी कंपनीकडून थेट आपल्या ईमेलवर किंवा टपालाने मागवावी आणि शेड्यूलची सर्व पाने पाहावीत, कारण शेड्यूलमध्येच मालमत्तेचा पत्ता, वापर, विमित रक्कम, समाविष्ट आणि वगळलेले धोके लिहिलेले असतात.

विमित रकमेबद्दल आमच्याकडे फार मोठा गैरसमज आहे. रक्कम कमी लावली तर हप्ता वाचतो, असे मानले जाते. परंतु सरासरीचे कलम लागू असलेल्या पॉलिसीत अशी बचत नुकसानीच्या वेळी उलटते. समजा सुपारीचा साठा आठ लाखांचा आहे आणि विमा चार लाखांचाच उतरवला आहे. दोन लाखांचे नुकसान झाले तर दोन लाख मिळत नाहीत, एक लाख मिळतो, कारण उरलेल्या निम्म्या जोखमीचे विमाकर्ते तुम्ही स्वतःच होता असे धरले जाते. शिवाय जुन्या प्रमाणित अग्निविम्यात, राहत्या घराखेरीज इतर मालमत्तेला, नैसर्गिक आपत्तीच्या प्रत्येक दाव्यातून पाच टक्के आणि किमान 10,000 रुपये वजा होत असत. वाडीतील उभी झाडे तर या विम्यात येतच नाहीत. वादळात आमच्या सुपारीच्या वाडीची जी दैना झाली, तिचा या पॉलिसीशी काहीही संबंध नव्हता, आणि त्या माणसाने "वाडीसकट" असे म्हटले होते ते निखालस खोटे होते.

1 एप्रिल 2021 पासून स्थिती बरीच सुधारली आहे. विमा नियामकाने घरांसाठी भारत गृह रक्षा आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा अशा प्रमाणित पॉलिसी आणल्या. गृह रक्षा पॉलिसीत वादळ, पूर, भूस्खलन, वीज पडणे हे धोके समाविष्ट आहेत, कमी विमित रकमेमुळे सरासरीची कपात होत नाही, आणि घरातील सामान्य सामानाला इमारतीच्या विमित रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत विमित रकमेतील पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. होमस्टे चालविणाऱ्यांनी मात्र या दोहोंपैकी कोणती पॉलिसी आपल्याला लागू आहे हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि खोल्या भाड्याने दिल्या जातात ही नोंद कागदावर आहे याची खात्री करावी.

ज्यांचा दावा नाकारला गेला आहे त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. आमच्या वेळी तीस लाखांपर्यंतचे दावे तेथे चालत, आता ही मर्यादा पन्नास लाख आहे. सोबत प्रस्ताव-अर्जाची प्रत अवश्य मागावी. आमच्या प्रकरणात पोलिसांनी पहिल्याच भेटीत जो कागद बाजूला काढून ठेवला, तो तोच होता.